अक्का उच्चारायची नसते

१२ जानेवारी

ती. ताईस,

नमस्कार. भावोजींचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि नातवाचे पुढचे दात आले का, हे दोन्ही सविस्तर कळव. आमच्याकडे सगळं ठीक आहे. ह्यांचं औषधांचं दुकान, माझी शाळा, संध्याकाळी कुंड्यांना पाणी. नेहमीचंच.

तू रागावली आहेस, मला कळतं. तुझा फोन वाजत राहतो, मी उचलत नाही, आणि मग 'नंतर बोलते' एवढाच मेसेज टाकते. कारण अगदी साधं आहे. माझा घसा बसलाय आणि डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आहे. कुजबुजायचंसुद्धा नाही; म्हणे कुजबुजण्याने जास्तच ताण पडतो. मेसेजवर मला दोन ओळींपलीकडे सुचत नाही, आणि तुला चष्मा सापडेपर्यंत फोनचा दिवा विझतो. म्हणून कागद घेतला.

लगेच कपाळाला आठ्या घालू नकोस. दिवसभर पोरांपुढे घसा फोडणाऱ्या बाईचा घसा बसायचाच.

आमच्या ह्यांची मात्र गंमत झाली आहे. मी बोलत नाही, तर तेही बोलेनासे झालेत. परवा मी कागदावर लिहिलं, "भाजी कोणती करू?" ह्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि खाली लिहिलं, "कोणतीही." मी लिहिलं, "तुम्हाला बोलता येतं." त्यांनी बराच विचार केला आणि लिहिलं, "हो की."

शाळेत जातेच आहे. तू म्हणशील, रजा का नाही घेत? अगं, इटालियनचा वर्ग या वर्षीच सुरू झालाय. पाचवीसाठी, ज्याला हवं त्याने यावं असा. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, वरच्यांशी भांडून तो पदरात पाडून घेतला. मी घरी बसले तर दुसरी इटालियनवाली बाई कुठून आणणार? तो तास गणिताला जाईल, आणि गणिताकडे गेलेला तास परत आलेला मी तरी पाहिलेला नाही. मी ही भाषा शिकायला लागले तेव्हा तू विचारलं होतंस, याचं लोणचं घालणार का? तर बघ, घातलं.

मुलं मोठी गोड आहेत. एक मुलगी आहे, तिला सगळा वर्ग प्रश्नावली म्हणतो. माझा आवाज होता तेव्हाची गोष्ट. मी सांगितलं, इटालियनमध्ये 'तो' आणि 'ती' एवढंच, 'ते' नाही. पुस्तक आपलं ते, त्यांचं तो. घर आपलं ते, त्यांचं ती. प्रश्नावलीचा हात वर. "बाई, मग मूल?" मी म्हटलं, मुलगा किंवा मुलगी म्हणायचं, बाम्बीनो किंवा बाम्बीना. ती बाकावर बसली आणि शेजारणीला म्हणाली, "म्हणजे तिकडे कुणाला नुसतं मूल राहताच येत नाही." तो तास मी तिथेच संपवला, आणि तेव्हा तर घसा चांगला होता.

आता मी फळ्यावर लिहिते, मुलं वाचतात. चुकलं की मी कानाला हात लावते, बरोबर आलं की मान हलवते. सगळ्यात अवघड आहेत ती जोडाक्षरं. पेन्ना म्हणजे लिहायचं पेन. पेना म्हणजे दुःख. आपल्याला पत्ता आणि पता वेगळे ऐकू येतात, तरी ही पोरं वाचताना घाईने एक न गिळतातच. वर्गात एक भोंगा आहे. मुलगीच, पण आवाज असा की ती बोलायला लागली की शेजारच्या वर्गाचे सर दार लावून घेतात. तिने ठणकावून वाचलं, "माझ्याकडे लाल पेना आहे." एरवी मी ते पन्नासदा म्हणून दाखवलं असतं. आता नुसती मूठ घट्ट आवळली आणि सोडली. तिने माझ्या मुठीकडे पाहिलं, थांबली, आणि म्हणाली, "पेन्ना." पहिल्या फटक्यात. तेव्हापासून वर्गात कुणी चुकलं की सगळ्या मुठी वर. मी इतकी वर्षं उगाच बडबडत होते की काय, असं वाटायला लागलंय.

असो. भावोजींना नमस्कार, नातवाला पापा. घशाचं मनावर घेऊ नकोस, तेवढं ऐक.

तुझी,
धाकटी


३ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. नातवाने पडलेला दात कुंडीत पेरला हे वाचून आमचे हे दुकानात गिऱ्हाइकासमोर हसत होते. दात उगवला की कळव.

तू फार विचारलंयस, तेव्हा थोडं सांगते. घशाचं छोटंसं ऑपरेशन झालं. तोंडातूनच करतात, बाहेरून टाका नाही की काही नाही. स्वरतंतूवर तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी वाढलं होतं, ते काढलं. दुसऱ्या दिवशी घरी आले. ह्यांनी माझ्यासाठी खिमट केलं, ते करपलं, मग त्यांनी पुन्हा केलं. आता फक्त आवाजाला पूर्ण विश्रांती. डॉक्टरांनी दटावून सांगितलंय, एक अक्षर नाही, खोकायचंसुद्धा जपून. काढलेलं तपासायला पाठवलंय. ते सगळ्यांचंच पाठवतात.

आधी कळवलं असतं तर तू भावोजींचा गुडघा तसाच टाकून निघाली असतीस. म्हणून नाही कळवलं.

सुट्टी संपवून शाळेत गेले, तर माझं बारसं होऊन गेलेलं. त्याचं असं झालं. इटालियनमध्ये 'माझ्याकडे आहे' याला जो शब्द आहे त्याच्या सुरुवातीला एच लिहितात, पण उच्चारत नाहीत. एच नुसता उभा असतो, बोलायचं त्याच्या मागच्या ओने. या एचचं तिकडचं नाव अक्का. तू हसशील म्हणून आजवर सांगितलं नव्हतं. तर प्रश्नावलीने शोध लावला की बाईसुद्धा तशाच, वर्गात असतात पण उच्चारत नाहीत. झालं. आता मी दारात दिसले की भोंगा गर्जना करते, "अक्का आल्या." मी धाकटी असून तुझी जागा पटकावली म्हण.

आणि त्या 'माझ्याकडे आहे'चं पुढे ऐक. त्या लोकांना भूक लागत नाही, त्यांच्याकडे भूक असते. झोप येत नाही, झोप असते. भीतीही तशीच, ओ पाउरा, माझ्याकडे भीती आहे. मी प्रत्येकाला एकेक वाक्य करायला दिलं. कुणाकडे कुत्र्याची भीती निघाली, बऱ्याच जणांकडे गणिताची. भोंग्याकडे पालीची. मग प्रश्नावलीने विचारलं, "अक्का, तुमच्याकडे कशाची आहे?" मी खडू घेतला आणि लिहिलं, 'ओ पाउरा देल तेलेफोनो.' माझ्याकडे टेलिफोनची भीती आहे. पोरं खूप हसली. बोलता येत नसलेल्या बाईला फोनची भीती असणारच, असं त्यांना वाटलं. मीही हसले.

एक कटकट मात्र उभी राहिली आहे. प्रश्नावलीचे वडील वकील आहेत. त्यांनी शाळेला लेखी विचारलं, की ज्या बाईंना बोलता येत नाही त्या परकी भाषा कशी काय शिकवतात. पाठोपाठ आणखी दोघा-तिघा पालकांनी सूर लावला. खोटं का बोलू, मी पालक असते तर मीही विचारलं असतं. मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. पुढ्यातला कागद फिरवत म्हणाल्या, की मी रजा घेतली तर वर्ग बंद करावा लागेल आणि नाही घेतली तर पालक वर्गात येऊन बसतील. दोन्हीतलं काय ते मीच ठरवायचं. मी त्यांच्याच कागदाच्या कडेला लिहिलं, "येऊन बसू देत." त्यांनी ते वाचलं आणि चहा मागवला. दोन कप.

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ मी वाचली, ताई. तिच्याबद्दल आत्ता काही लिहीत नाही.

इकडची काळजी नको. म्हणजे, नको म्हटलं तरी तू करणारच, पण जेवून-खाऊन कर.

तुझी,
धाकटी


२० फेब्रुवारी

ताई,

आधी शेवट सांगते, म्हणजे तू श्वास सोडशील. काही वाईट नाही. तपासणीचा अहवाल आला, गाठ साधी होती, पुरती निघाली आहे. आणि मी बोलते आहे. आता खाली बस, पाणी पी आणि पुढचं वाच.

तू विचारलं होतंस, "बाबांसारखं नाही ना?" तेवढे तीन शब्द वेगळ्या ओळीवर, तुझ्या नेहमीच्या तिरक्या अक्षरात. तो कागद मी कपाटात ठेवला, मग काढला, मग पुन्हा ठेवला. कारण मला उत्तर माहीत नव्हतं. बाबांचाही आधी घसाच बसला होता ना. सगळे म्हणत होते, थंड पाणी पितात म्हणून. शेवटी ते बोटाने उशीच्या अभ्र्यावर अक्षरं काढायचे आणि तूच ती वाचायचीस. मला वाचता यायची नाहीत. मी लांब होते, अधूनमधून यायचे, तू मात्र रोज होतीस. सगळं आटोपल्यावर तू मला म्हणाली होतीस, की यापुढे घशाच्या डॉक्टरचं दार मला दाखवू नकोस. मी ते विसरले नव्हते. म्हणून डॉक्टरांनी कॅमेऱ्यातून गाठ पाहिली आणि तोंडावरची रेषही न हलवता 'काढून बघू' म्हणाले, तेव्हाच मी ठरवलं, की पक्कं कळेपर्यंत तुला कळू द्यायचं नाही.

मागच्या पत्रात आणखी एक गोष्ट गाळली होती. पहिला अहवाल तेव्हा येऊन गेला होता. त्यात नक्की काही सांगता येत नाही असं होतं, आणि नमुना दुसऱ्या मोठ्या ठिकाणी पाठवला होता. निरोप फोनवर येणार होता. पोरं हसत होती तो हाच टेलिफोन. घरात फोन वाजला की हे हातातलं टाकून धावायचे आणि कुणी गॅसच्या टाकीबद्दल बोललं तरी त्याचे आभार मानायचे.

पालकांचं आधी सांगते, कारण ते आधी झालं.

पालक आले आणि पाचवीच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले. वकील पहिल्या बाकावर, छातीशी हात बांधून. मोठ्या बाई मागे भिंतीला टेकून उभ्या. मी फळ्यावर फक्त एक ओळ लिहिली, 'आज तुम्ही शिकवायचं', आणि खडू ठेवून खिडकीशी जाऊन उभी राहिले. पोरांनी ती ओळ वाचली, एकमेकांकडे पाहिलं, आणि पुढचं मला काही करावंच लागलं नाही. प्रत्येकाने आपापल्या आईला नाहीतर वडिलांना धरलं. तुझं नाव काय, तुझ्याकडे भूक आहे का, हे काय आहे, ते काय आहे. एका आईने काप्पेल्लो, म्हणजे टोपी, म्हणताना एक प गिळला, त्याचा झाला केस, आणि सांगितलं की तिने डोक्यावर नवा केस घातलाय. मुठीच मुठी वर झाल्या. ती बिचारी घाबरली, तिला वाटलं मुलं मारायला उठली.

मग वकिलांची पाळी. प्रश्नावलीने त्यांच्या खिशातलं लाल पेन काढून त्यांच्याच पुढे धरलं. ते खाकरले, आणि कोर्टात बोलतात तसं एकेक शब्द तोडत म्हणाले, "ओ ऊना पेना रोस्सा."

प्रश्नावलीने वडिलांकडे बघून मूठ आवळली. "पप्पा, तुमच्याकडे लाल दुःख आहे. पेन हवंय ना? मग दाबून म्हणा."

ते दुसऱ्यांदा चुकले, तिसऱ्यांदाही. वर्गातली एकूण एक मूठ त्यांच्यासाठी वर होती, आणि कुणी हसत नव्हतं, सगळे वाट बघत होते. चौथ्यांदा आलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी पाहिलं, त्यांचे बांधलेले हात केव्हाच सुटले होते.

तास संपल्यावर ते दाराशी थांबले. मोठ्या बाईंना म्हणाले की माझी तक्रार मी मागे घेतो. मग माझ्याकडे वळून खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, तुम्हाला झालंय काय, हे आधी विचारायला हवं होतं." मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं, "कळेल लवकरच." त्यांनी ते वाचलं, जाताना नमस्कार केला. त्या दिवशी शिक्षकखोलीत मी एकटी बसून चांगली पोटभर रडले, आवाज न करता. तेही डॉक्टरांच्या नियमात बसत होतं की नाही कोण जाणे.

दवाखान्याचा फोन आला तो ह्यांच्या दुकानात. ह्यांना काहीच सांगितलं नाही, नुसतं दोघे या म्हणाले. नुसतं 'या' म्हटलं की माणूस काय समजतो ते तुला सांगायला नको. रस्ताभर ह्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं, आपण नाडी मोजतो तसं. डॉक्टरांनी कागद टेबलावर ठेवला, आमच्याकडे फिरवला आणि म्हणाले, "साधी गाठ. घरी जा आणि विसरून जा." हे म्हणाले, "पुन्हा सांगा." डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. ह्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा डॉक्टर हसले, आणि मला म्हणाले, की आता तुम्ही सांगा. एक ते दहा आकडे म्हणा, हळू, जोर न लावता.

ताई, मला भीती वाटली ती तेव्हा. गाठीची गेली आणि आवाजाची आली. तोंड उघडलं आणि काहीच निघालं नाही तर?

मी तोंड उघडलं आणि इतक्या महिन्यांच्या शिकवण्याच्या सवयीने इटालियनच आलं. "ऊनो. दुए. त्रे." जाडाभरडा, पण आवाज होता. चौथ्याला अडले. चार म्हणजे क्वात्त्रो, त्यात आवाज मध्येच थांबवून पुन्हा सोडावा लागतो. थांबला, आणि सुटेना. डॉक्टरांच्या भुवया जवळ आल्या. त्यांना वाटलं असावं, बाईंचं घशापेक्षा डोक्याचंच काहीतरी झालंय. त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. "या काय म्हणताहेत?"

आणि आमच्या ह्यांनी, जे इतके दिवस घरात कागदावर बोलत होते, खुर्चीतून उठून, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "बरोबर म्हणतेय, डॉक्टर. चार."

तेव्हा मला हसू फुटलं, आणि हसता हसता चार सुटला, पाच सुटला, दहापर्यंत गेले. बाहेरची नर्स दारातून डोकावली. हे तोंड धुवायला म्हणून गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. मी जाऊन पाहिलं तर नळ चालू आणि हे नुसते उभे. मी म्हटलं, "अहो, पाणी वाया जातंय." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझं असलं वाक्य ऐकून ह्यांना इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता.

वर्गात गेले तेव्हा वाटलं होतं पोरं नाचतील. मी तिकडचा नमस्कार घातला, "बोंजोर्नो." भोंग्याने माझ्याकडे जरा नाराजीनेच पाहिलं. "अक्का, तुम्ही बोलायला लागलात. मग आता आम्ही काय करायचं?" मी त्यांना सांगितलं की मला एका तासात थोडंच बोलायची परवानगी आहे, बाकीचं त्यांनाच करावं लागेल. तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. मोठ्या बाईंनी पुढच्या वर्षी सहावीलाही हा तास ठेवायचं कबूल करून घेतलंय. कसं ते विचारू नकोस. मला वाटतं वकिलांनी त्यांच्या बाजूने वकिली केली.

तुला राग येणार आहे हे धरूनच चालले आहे. माझं लपवणं तुला आवडणार नाही. पण तू एकदा एकटीने सगळं पाहिलंस आणि मी लांबून चौकशा केल्या. या वेळी मी जवळ होते आणि तुला लांब ठेवलं, एवढंच. ते बरोबर होतं की नाही यावर आपण समोरासमोर भांडू. भावोजींचा गुडघा आणि दात पेरणारा नातू, दोघांना घेऊन ये. मला भांडता येतं आता, हळू आवाजात, थोडं थोडं.

हे पत्र मिळालं असा मेसेज टाक, त्याच संध्याकाळी मी फोन करणार आहे. आधी केला नाही, कारण नुसता आवाज ऐकून तू काय काय समजली असतीस. तो पहिल्यासारखा नाही. खालच्या पट्टीत गेलाय, मध्येच खरखरतो, आणि डॉक्टर म्हणतात तो आता असाच राहील. तेव्हा कुणी अनोळखी बाई फोनवर 'ताई' म्हणाली तर ठेवून देऊ नकोस. ती मीच आहे.

तुझी,
धाकटी